बेचाळीस अंशांच्या गावात सव्वीस अंशांचा टँक

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: समुद्री पाण्याच्या छोट्या टँकचे तापमान. उन्हाळा तोंडावर असल्याने इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : माझा टँक ६० × ३५ × ४० सेंटीमीटरचा असून पाणी साधारण ७५ लिटर आहे. दोन क्लाउनफिश मासे, आणि झोअँथिड, मशरूम व एक लेदर अशी मऊ कोरल (प्रवाळ) आहेत. घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एप्रिल लागल्यापासून संध्याकाळी पाणी ३१ अंशांवर जाते, पहाटे २८ वर उतरते. मुंबईच्या दुकानदाराने सांगितले, चिलर (पाणी गार करणारे यंत्र) नसेल तर रीफ टँक (कोरलचा टँक) ठेवूच नका. चिलर घ्यावाच लागेल का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. दुकानदाराचा सल्ला मुंबईपुरता बरोबर आहे. सोलापूरची हवा वेगळी आहे आणि या कामात ती तुमच्या बाजूची आहे.

आधी आकडा ठरवू. मऊ कोरल आणि क्लाउनफिश यांच्यासाठी २५ ते २७ अंश ठीक. त्यात २६ धरून चाला. दिवस-रात्रीचा फरक एका अंशाच्या आत असला तर उत्तम, दीड अंशापर्यंत चालतो. तुमच्या टँकमध्ये तो तीन अंशांचा आहे. आम्हाला ३१ या आकड्याइतकीच काळजी या रोजच्या चढउताराची वाटते. रोज तीन अंश वरखाली होणाऱ्या पाण्यात कोरल जगले तरी धड फुलत नाही.

आता मुंबई आणि सोलापूर यांतला फरक. पाण्यावर वारा मारला की थोडे पाणी उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. माठाचे पाणी गार होते ते याच कारणाने. पण पाणी किती खाली उतरू शकेल, ते हवा किती कोरडी आहे यावर ठरते. ती मर्यादा घरीच मोजता येते. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि पाच मिनिटे टेबलफॅनसमोर धरा. येणारा आकडा म्हणजे वाऱ्याच्या जोरावर पाणी जास्तीत जास्त जिथवर उतरेल तो तळ. मे महिन्यात हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. मुंबईत त्याच दिवसांत हवा ३३ अंशच असते, पण आर्द्रता ७० टक्के धरली तर ओल्या चिंधीचा आकडा २८ येतो. तिथे पंखा कितीही मारला तरी पाणी २६ वर येणार नाही. तुमच्याकडे येईल.

टँक या तळापर्यंत कधीच पोचत नाही, कारण आतूनही उष्णता येत असते. पाण्यात बुडालेला २० वॅटचा पंप सगळे २० वॅट पाण्यालाच देतो. वेव्हमेकरचे (पाणी हलते ठेवणाऱ्या छोट्या पंपाचे) पाच-सहा वॅट धरा. एलईडी दिव्याचा प्रकाशही शेवटी पाण्यात शिरून उष्णताच होतो. शिवाय काच. तुमच्या टँकच्या बाजू आणि तळ मिळून जवळजवळ एक चौरस मीटर पृष्ठभाग होतो. खोली पाण्यापेक्षा जितके अंश गरम, तितके पटीने पाच-पाच वॅट काचेतून आत येतात. खोली ३७ आणि पाणी २६ असेल, तर ५५ वॅट. म्हणजे उन्हाच्या वेळी सगळे मिळून शंभर वॅटच्या घरात उष्णता बाहेर काढायची आहे. एक लिटर पाणी दिवसभरात उडाले तर ते सरासरी २८ वॅट बाहेर नेते. तीन-साडेतीन लिटर उडाले की हिशेब जुळतो, आणि कोरड्या हवेत दोन पंखे तेवढे पाणी सहज उडवतात.

काम असे करा. वरची काच काढा. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून तिथे बारीक नायलॉन जाळीची चौकट बसवा. कॉम्प्युटरचे १२० मिलिमीटरचे, १२ व्होल्टचे दोन पंखे घ्या. ते आखूड बाजूच्या काठावर, पाण्यापासून सात-आठ सेंटीमीटर वर आणि थोडे खाली झुकवून लावा. वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत पलीकडे गेला पाहिजे. सरळ खाली मारला तर खड्डा पडतो, खारे तुषार उडतात आणि महिन्याभरात पंख्याचे बेअरिंग गंजते. दोन्ही पंख्यांना १२ व्होल्ट, १ अँपिअरचा एक अडॉप्टर पुरतो. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. खारे पाणी आणि वीज एकत्र असताना यात कसर करू नका.

पंखा हाताने चालू-बंद करू नका. एसटीसी-१००० नावाचा स्वस्त कंट्रोलर मिळतो. त्याला थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या फांद्या असतात: थंड बाजूला पंख्याचा अडॉप्टर, गरम बाजूला हीटर. एफ-१ (हवे ते तापमान) मध्ये २६.०, एफ-२ (चालणारा फरक) मध्ये ०.५ ठेवा. पाणी २६.५ झाले की पंखे सुरू होतील आणि २६ वर थांबतील. २५.५ झाले तर हीटर लागेल. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सेन्सरचे टोक वाहत्या पाण्यात आणि हीटरपासून दूर हवे. त्याची धातूची टोपी खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून टोपी जिथे वायरला मिळते तो सांधा इपॉक्सीने बुजवून मगच पाण्यात सोडा. सेन्सर काचेला दोन ठिकाणी पक्का बांधा. थंडीत तो निसटून पाण्याबाहेर आला, तर कंट्रोलरला खोलीचे तापमान दिसेल आणि हीटर थांबणारच नाही.

मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून २५ मिलिमीटरचा थर्माकोल चिकटवा. थर्माकोल थंडीसाठीच, असा समज आहे. पण पाणी खोलीपेक्षा गार असते तेव्हा तोच थर्माकोल बाहेरची उष्णता अडवतो. झाकलेल्या काचेतून येणारी उष्णता सुमारे चौथाईवर येते.

स्लॅबखालच्या घराची एक गोष्ट लक्षात ठेवा. ऊन दुपारी दोनला कडक असते, पण स्लॅब तापून ती उष्णता खाली सोडते ती संध्याकाळी सहा ते रात्री दहा-अकरापर्यंत. नेमके त्याच वेळी बहुतेक जण टँकचे दिवे लावतात. दिव्यांची वेळ पहाटे साडेपाच ते दुपारी दीड अशी करा, मात्र रोज अर्धा तास सरकवत. घरी आल्यावर टँक अंधारात दिसेल हे खरे, पण एप्रिल-मेपुरते ते सोसावे. गच्चीला चुना मारला तर खोलीही उतरते.

शेवटचे: पाणी एकदम २६ वर आणू नका. कंट्रोलर आज २९ वर लावा आणि रोज एक अंश कमी करा.

तरीही चिलर किंवा एसी लागेल असे वाटणारे दिवस येतात, पण ते मे महिन्यात नसतात. वळवाचे पाऊस पडून गेल्यावर आणि जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असते, तेव्हा ओल्या चिंधीचा आकडा २६ ला टेकतो आणि पंख्याने पाणी २८ च्या खाली येत नाही. तेव्हा २८ वरच स्थिर राहू द्या. मऊ कोरलांना स्थिर २८ झेपते.

प्रश्न : पंखे लावल्यापासून पाणी छान २६ ला राहते. पण टँक रोज बोटभर खाली जातो. मी मीठ कालवलेले पाणी घालत आलो. आता खारटपणा मोजणारा हायड्रोमीटर १.०३० दाखवतो आणि झोअँथिड उघडत नाहीत. टँक ७५ लिटरचा आहे. काय चुकले?
– वाचक, विजापूर रोड

उत्तर : उडून जाते ते फक्त पाणी. मीठ टँकमध्येच राहते. तुम्ही रोज त्यात आणखी मीठ घातले. १.०३० म्हणजे लिटरमागे जवळजवळ ४० ग्रॅम मीठ. हवे ३५, म्हणजे १.०२६.

आधी हायड्रोमीटर खरा आहे का ते पाहा. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर एक बुडबुडा अडकला तरी आकडा वर जातो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजणारे साधन) घ्या आणि तो साध्या पाण्याऐवजी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने शून्यावर नव्हे, ३५ वर जुळवा. आकडा खरा निघाला, तर रोज २ लिटर टँकचे पाणी काढून २ लिटर गोडे पाणी घाला. हे पाच दिवस करा. दर दिवशी साधारण एक ग्रॅमने उतरून पाचव्या दिवशी ३५ च्या जवळ येईल. एका दिवसात १० लिटर बदलून उरकू नका. खारटपणा झपाट्याने उतरला की शंख, कोळंबी आणि स्टारफिश आधी जातात. त्या पाच दिवसांत उडून गेलेले पाणी मात्र वेगळे भरायचे आहे, तेही गोडेच.

पुढे कायम गोड्या पाण्यानेच भरा. सम्प (टँकखालची जोडटाकी) असेल तर पातळीवर चालणारा ऑटो टॉप-ऑफ (उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) लावा. नसेल तर काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरा. ७५ लिटरमधले ३ लिटर उडाले, की ३५ चे साडेछत्तीस होते. म्हणून तीन दिवसांतून एकदा भरणे चालत नाही.

कोणते पाणी हा सोलापूरकरांचा खरा प्रश्न आहे. बोअरचे पाणी नको. नळाचे पाणी काही दिवसांआड येते, साठवलेले असते, त्यात क्लोरीन आणि क्षार दोन्ही असतात. पिण्याच्या आरओचे पाणीही थेट घेऊ नका. त्यातले टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वाढवणारे कार्ट्रिज किंवा स्क्रू क्षार परत मिसळतो. मेम्ब्रेनमधून निघालेले पाणी त्या आधीच काढा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडा. टीडीएस मीटरवर शून्य आले पाहिजे. रोज तीन लिटर म्हणजे महिन्याला ९० लिटर पाणी टँकमध्ये जाते आणि उडते. त्यात जे काही असेल ते सगळे मागे साठत जाते. २०० टीडीएसचे पाणी घातले, तर महिन्याला १८ ग्रॅम नको असलेले क्षार.

एक सावधगिरी. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. आरओचे मेम्ब्रेन ४५ अंशांपर्यंतचेच असते. यंत्र पहाटे चालवा आणि पाणी झाकण असलेल्या खाद्य-प्लास्टिकच्या ड्रममध्ये खोलीत ठेवा.

प्रश्न : जुन्या फ्रिजमध्ये टँकच्या पाण्याची नळी गुंडाळून ठेवली तर फुकटात चिलर होईल का? प्लास्टिकऐवजी तांब्याची नळी वापरली तर जास्त गार होईल असे मित्र म्हणतो. दुसरे, टॉप-ऑफचे पाणी माठात ठेवले तर?
– वाचक, शेळगी

उत्तर : तांबे अजिबात नको. खाऱ्या पाण्यात तांबे विरघळते आणि अगदी अल्प प्रमाणातही कोळंबी, शंख, कोरल मारते. शिवाय ते खडकात आणि वाळूत मुरून राहते, पुढे महिनोन्‌महिने निघत नाही. प्लास्टिकच्या नळीतून उष्णता फार हळू जाते, आणि घरगुती फ्रिज अन्न गार ठेवण्यापुरता असतो. सतत वाहणारे पाणी गार करताना त्याचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही. ४० अंशांच्या खोलीत तो काही आठवड्यांत जळतो.

माठाने फायदा नाही. माठातले ३ लिटर पाणी टँकपेक्षा ४ अंश गार असले, तरी ७५ लिटरमध्ये मिसळून ०.१६ अंशाचा फरक पडतो. उलट माठातून क्षार पाण्यात उतरतात आणि शून्यावर आणलेला टीडीएस वाढतो.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात दुपारी चारला वीज गेली ती रात्री नऊला आली. पाणी ३२ झाले, एक क्लाउनफिश मेला. घरी इन्व्हर्टर आहे. पुढच्या वेळी काय करावे?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : मासा गरमीपेक्षा हवेअभावी मेला असण्याची शक्यता जास्त आहे. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत सव्वासहा. गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. त्यात पंप बंद, म्हणजे वरच्या थरात आलेली हवा खाली जातच नाही. म्हणून वीज गेल्यावर पहिला विचार पाणी हलते ठेवण्याचा, दुसरा तापमानाचा.

यूएसबी किंवा सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि एक एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) टँकशेजारी कायम ठेवा. दिवे बंद करा आणि वीज येईपर्यंत खाऊ घालू नका. जाळी तशीच राहू द्या. वरून काच किंवा कापड झाकण्याचा मोह टाळा, त्याने बाष्पीभवनही थांबते आणि हवाही.

इन्व्हर्टरला फक्त वेव्हमेकर आणि पंखे जोडा. सगळे मिळून २० वॅटसुद्धा होत नाही. हीटर आणि चिलर कधीच नाही. तुमचा इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्ह असेल, तर एसी पंप त्यावर घुरघुरतो आणि तापतो. त्याला शुद्ध साइन वेव्ह लागते. आणि घरातले चार सीलिंग फॅन चालू असतील, तर १५० अँपिअर-तासांची बॅटरी काही तासांत उतरते, मग टँकला काहीच उरत नाही. म्हणून टँकसाठी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची यूपीएसमधली छोटी बॅटरी वेगळी ठेवा. १२ व्होल्टचे दोन पंखे त्यावर थेट सात-आठ तास चालतात. मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाका.

पंखा असूनही पाणी २८.५ ओलांडू लागले, की बर्फ. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटल्यांचे लेबल आणि गोंद काढून त्या नऊ-दशांश भरा (बर्फ फुगतो) आणि चार-पाच बाटल्या फ्रीझरमध्ये तयार ठेवा. अशी एक बाटली पूर्ण वितळून पाण्याइतकी झाली, की ७५ लिटरचे तापमान सुमारे ०.७ अंशाने उतरते. तासाला एकापेक्षा जास्त बाटली सोडू नका. सम्प असेल तर सम्पमध्ये, नसेल तर कोरलांपासून दूर कोपऱ्यात. सुटा बर्फ टँकमध्ये टाकू नका: तो कसल्या पाण्याचा आहे ते कळत नाही आणि खारटपणाही उतरतो.

वीज जाण्या-येण्याच्या आणखी दोन गोष्टी बघा. पंप थांबल्यावर टँकचे पाणी उलटे सम्पमध्ये उतरते. ते सम्पमध्ये मावेल अशी कमाल पातळीची रेघ आधीच मारून ठेवा, नाहीतर फरशीवर पाणी येते. आणि कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल, तर चार-पाच तास बंद राहिल्यावर त्यातले पाणी ओतून द्या, मगच सुरू करा. आतले जिवाणू हवेविना मरून ते पाणी सडते, आणि सुरू करताच ते थेट टँकमध्ये येते.

प्रश्न : १५० लिटरच्या टँकला १/१० अश्वशक्तीचा चिलर घेतला. तो दिवसभर चालतो, तरी पाणी २९ च्या खाली येत नाही. चिलर टँकखालच्या कपाटात आहे. घराशेजारी यंत्रमाग आहेत. चिलर सदोष असेल का?
– वाचक, अशोक चौक

उत्तर : चिलर नव्हे, जागा चुकली आहे. चिलर उष्णता नाहीशी करत नाही. तो ती पाण्यातून काढून हवेत सोडतो, आणि स्वतःच्या मोटारची उष्णता वर मिळवतो. पाण्यातून २०० वॅट काढले, तर बाहेर साडेतीनशेच्या आसपास पडतात. बंद कपाटात तीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. थोड्या वेळाने कपाट ४५ च्या वर जाते, कॉम्प्रेसरची ताकद घटते, आणि तापलेले कपाट वरच्या टँकचा तळही शेकते.

चिलर कपाटाबाहेर काढा. हवा ओढणाऱ्या आणि सोडणाऱ्या दोन्ही बाजूंना किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. शक्य असेल तर नळ्या भिंतीतून नेऊन तो सावलीतल्या गॅलरीत ठेवा. नळ्या लांब झाल्या की पंपाचा प्रवाह कमी होतो, म्हणून नळीच्या टोकाशी एक मिनिट बादली भरून ताशी किती लिटर येते ते मोजा आणि चिलरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे ना ते पाहा. येणारी-जाणारी नळी फोमच्या वेष्टणात घाला.

यंत्रमागाचा उल्लेख केलात ते बरे झाले. कापसाचे तंतू चिलरच्या जाळीवर गादीसारखे बसतात. तुमच्या भागात दर आठवड्याला जाळी काढून झटका, आणि महिन्यातून एकदा आतल्या पत्र्यांवरून मऊ ब्रश फिरवा, तोही पत्र्यांच्या उभ्या दिशेने. आम्हाला विचाराल तर तुमच्या त्रासात निम्मा वाटा या तंतूंचा असेल.

हे सगळे करूनही उतरले नाही, तर कारण मापाचे. खोक्यावरची अश्वशक्ती मोटारची असते. पाहायचा तो थंड करण्याच्या क्षमतेचा वॅटमधला आकडा, आणि तोही साधारण २५-३० अंशांच्या खोलीतला असतो. ४० अंशांच्या खोलीत त्यातला बराच भाग कमी धरा. अशा वेळी मोठा चिलर घेण्याआधी खोलीला एक टनाचा एसी लावून तो २७ वर ठेवण्याचा हिशेब करून पाहा. टँकही सांभाळला जातो आणि घरातली माणसेही. पेल्टियर प्लेटचे (कॉम्प्रेसर नसलेले, विजेने गार होणाऱ्या चकतीचे) छोटे चिलर मात्र घेऊ नका. ते जितकी वीज खातात त्याच्या निम्मीही उष्णता पाण्यातून काढत नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात आठवडाभर गावाला गेलो. आल्यावर पाणी ३२, आणि लेदर कोरल व मशरूम पांढरे पडलेले. मेले का? ओळखीचे एक जण मालवणहून समुद्रातले कोरल आणून देतो म्हणतात.
– वाचक, बाळे

उत्तर : पांढरे म्हणजे मेलेले नव्हे. कोरलच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला रंग आणि बहुतेक अन्न देते. पाणी गरम आणि उजेड जोराचा असे एकत्र झाले, की शैवालातून घातक ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल त्या शैवालालाच बाहेर टाकते. मांस जागेवर असेल, हात जवळ नेल्यावर आक्रसत असेल, तर ते जिवंत आहे, पण उपाशी आहे. बुळबुळीत होऊन गळत असेल किंवा घाण वास येत असेल, तर तेवढा भाग नळीने ओढून काढा आणि अमोनिया तपासा.

तापमान रोज एक अंशाने खाली आणा. दिवे ३० टक्क्यांवर, मुख्यतः निळे ठेवा, आणि रंग परतू लागला की आठवड्याला ५ टक्के वाढवा. पाणी फार स्वच्छ करण्याच्या नादी लागू नका: लिटरमागे नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास असू दे. शैवालालाही ते लागते. मशरूमला आठवड्यातून दोनदा अगदी बारीक केलेली कोळंबी द्या. रंग परत यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. या काळात जागा बदलू नका.

समुद्रातही हेच होते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर पाणी एकच अंश, पण महिनाभर राहिले, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे झाले, २०२४ मध्ये पुन्हा. म्हणून मालवणचे कोरल आणण्याचा विचार मनातून काढा. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणे आणि बाळगणे गुन्हा आहे, आणि तिथल्या प्रवाळांना आधीच पुरेसा त्रास आहे. टँकमध्ये वाढवलेल्या मऊ कोरलचे तुकडे बिलासह घ्या. मुंबईहून मागवलेत तर दिवसाच्या गाडीने नको. रात्री निघून सकाळी पोचणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेससारख्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात मागवा. पिशवी अर्धा तास टँकवर तरंगत ठेवून मगच उघडा.

प्रश्न : खोलीत कूलर लावला तर टँकचे पंखे निरुपयोगी होतात का?
– वाचक, मजरेवाडी

उत्तर : खिडकी बंद असेल तर होय, उघडी असेल तर नाही. कूलर खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. खोलीची हवा गार झाल्याने काचेतून येणारी उष्णता घटते आणि पंखेही काम करत राहतात. बंद खोलीत मात्र दमटपणा साठून दोन्ही लंगडे पडतात. कूलरच्या पाण्यात सुगंध किंवा डासांचे औषध टाकू नका. डास पळवणाऱ्या लिक्विड मशीन आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड असतात. ती कोळंबी आणि खेकड्यांना मारतात, आणि टँकचे पंखे ती हवा थेट पाण्यावर ढकलतात. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

प्रश्न : जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सकाळी पाणी २१ असते. ७५ लिटरला १०० वॅटचा एक हीटर घेऊ का?
– वाचक, साखर पेठ

उत्तर : ५० वॅटचे दोन घ्या. हीटरचा सर्वांत वाईट बिघाड म्हणजे थर्मोस्टॅट चिकटून तो बंदच न होणे. १०० वॅटचा हीटर ७५ लिटर पाणी तासाला अंशभर चढवतो. पहाटे अडकला, तर दुपारी तुम्ही घरी येईपर्यंत सगळे संपलेले असते. ५० वॅटचा अडकला तर चढ निम्म्या वेगाने होते, आणि बंद पडला तर दुसरा निम्मा भार तरी उचलतो.

दोन्ही हीटर कंट्रोलरच्या गरम बाजूला जोडा आणि हीटरच्या स्वतःच्या खुंट्या २७ वर ठेवा. कंट्रोलर बिघडला तर खुंटी थांबवते, खुंटी बिघडली तर कंट्रोलर. हीटर आडवा, पूर्ण बुडालेला आणि पाणी वाहते अशा जागी हवा. पाणी बदलण्याआधी वीस मिनिटे तो बंद करा. तापलेली काच उघडी पडली की तडकते, आणि मग पाण्यात वीज उतरते. नवे मिठाचे पाणी टँकशी एका अंशाच्या आत जुळवून मगच घाला.

काचेवर चिकटवायच्या रंगीत पट्टीवर विसंबू नका, ती दोन अंशांनीही चुकते. थर्मामीटर किंवा कंट्रोलरचा सेन्सर तपासायला पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळा आणि त्यात तो पाच मिनिटे ठेवा. सेन्सरचा शून्याऐवजी जो आकडा येईल, तेवढी उलट चिन्हाची दुरुस्ती कंट्रोलरच्या एफ-४ मध्ये टाका. थंडीत रात्री वीज गेली, तर सोलापुरी चादर चार पदरी करून टँकभोवती गुंडाळा, वरचा भाग मात्र उघडा ठेवा आणि एअरस्टोन चालू असू द्या.